मार डोक्याला, निशाणी डोळ्यांना

१४ एप्रिल १८६५ची रात्र. वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात ‘अवर अमेरिकन कझिन’ हे विनोदी नाटक रंगात आलं होतं. सव्वादहाच्या सुमारास प्रेक्षागृहात हशा उसळला असताना जॉन विल्क्स बूथ नावाचा नट राष्ट्राध्यक्षांच्या बॉक्समध्ये शिरला आणि त्यानं अब्राहम लिंकन यांच्या डोक्यात मागून गोळी घातली. मुठीत मावणारं डेरिंजर पिस्तूल, त्यात एकच गोळी. ती डाव्या कानाच्या मागे कवटीत घुसली आणि आतच राहिली.

प्रेक्षकांत चार्ल्स लील हा तेवीस वर्षांचा लष्करी डॉक्टर बसला होता. सर्वात आधी तोच बॉक्समध्ये पोहोचला. बूथच्या हातात सुरा दिसल्यामुळे लीलनं आधी भोसकल्याची जखम शोधली. ती मिळेना. मग त्यानं लिंकन यांच्या पापण्या उचलून पाहिल्या, बाहुल्या पाहिल्या, आणि इजा मेंदूला झाली आहे हे त्याला कळलं. त्यानंतर त्याची बोटं केसांतून फिरली आणि मागची जखम सापडली. मागची जखम शोधायला पुढचे डोळे उपयोगी पडले.

रात्रभर लिंकन समोरच्या घरातल्या एका छोट्या खोलीत बेशुद्ध पडून होते. नौदलमंत्री गिडियन वेल्स उशाशी होते. त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय, की पहिला तासभर चेहरा शांत होता, मग उजवा डोळा सुजू लागला आणि त्या भागाचा रंग पालटला. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी लिंकन गेले. दुपारी व्हाइट हाउसमध्ये जोसेफ वुडवर्ड आणि एडवर्ड कर्टिस या लष्करी डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. वुडवर्डच्या अहवालात नोंद आहे, की पापण्या आणि आसपासचा भाग रक्त साकळून काळानिळा झाला होता, खोबणींत रक्त भरल्यानं डोळे थोडे पुढे आले होते आणि दोन्ही डोळ्यांच्या खोबणींची छतं तडकलेली होती.

या नोंदीपाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. गोळी मागून शिरली. चेहऱ्याला कशाचाही स्पर्श झाला नव्हता. मग खोबणींची छतं फुटली कशी, आणि तीही दोन्ही बाजूंची? गोळी तिथवर पोचली असेल म्हणावं, तर वुडवर्डनं पुढचीही गोष्ट बारकाईनं टिपली आहे: त्या भेगांवरचं मेंदूचं जाड आवरण शाबूत होतं. गोळी तिथून गेली असती तर ते फाटलं असतं. गोळी मेंदूत नेमकी कुठे थांबली, डाव्या बाजूला की उजव्या, यावर हजर असलेल्या डॉक्टरांचंही एकमत झालं नाही. तो वाद आजही इतिहासाच्या अभ्यासकांना पुरतो. गोळी मात्र मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या वैद्यकीय संग्रहालयात ठेवलेली आहे.

उत्तर कवटीच्या घडणीत आहे. आपण डोक्यावर हात फिरवतो तेव्हा बोटांना लागतो तो कवटीचा वरचा घुमट, आणि तो चांगला जाड असतो. मेंदू मात्र बसलेला असतो तळावर, आणि हा तळ उंचसखल, भोकाभोकांचा, जागोजागी अगदी पातळ. मज्जारज्जू, रक्तवाहिन्या, दृष्टीच्या, श्रवणाच्या, वासाच्या नसा, सगळी ये-जा तिथूनच. तळाचा पुढचा भाग म्हणजेच डोळ्यांच्या खोबणींचं छत. वर मेंदू, खाली डोळा आणि मध्ये हाडाचा एवढासा पापुद्रा. सुकवलेली कवटी दिव्यासमोर धरली तर या छतातून उजेड आरपार दिसतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थी हे पाहतात आणि आपण रोज काय घेऊन हिंडतो ते कळून जरा गप्प होतात.

आता बंद कवटीत जोराचा धक्का बसला, मग तो कुठूनही बसो, की आतला दाब क्षणभर भलताच वाढतो, मेंदू पुढेमागे आदळतो आणि जिथे हाड सर्वात नाजूक असतं तिथे ते तडकतं. मागे पाठीवर पडून डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटलेल्या माणसांतही खोबणीची छतं फुटलेली सापडतात, हे न्यायवैद्यक डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. कौल फुटतं एकीकडे आणि भिंतीला ओल धरते दुसरीकडे, तसलाच हा प्रकार. ओलीच्या जागी भिंत खणून काही हाती लागत नाही, वर चढून पाहावं लागतं.

कवटीच्या तळाला भेग पडून दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटतात, त्याला रुग्णालयांत ‘रॅकून आइज’ म्हणतात. रॅकून हा अमेरिकेतला, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला प्राणी. आपल्याकडचे निवासी डॉक्टर ‘पांडा’ही म्हणतात. नाव काहीही असो, कॅज्युअल्टीत हे डोळे दिसले की बोलण्याचा सूर बदलतो.

पण रक्त नेमकं डोळ्यांभोवतीच का दिसतं? त्याचं कारण पापणी. शरीरावरची सर्वात पातळ त्वचा पापणीची, जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते, असतो तो सैल, विरळ धाग्यांचा थर. तळव्यावर किंवा पाठीवर तेवढंच रक्त साकळलं तर बाहेर पत्ता लागत नाही, पापणीत मात्र चार थेंबही दिसतात. सकाळी उठल्यावर डोळे सुजतात, मधमाशी कपाळावर चावली तरी डोळा मिटतो, तो याच सैल थरामुळे.

आणि या थराला कुंपण आहे, हे मला सर्वात विलक्षण वाटतं. खोबणीच्या हाडाच्या काठापासून पापणीपर्यंत एक पातळ पडदा ताणलेला असतो. खोबणीच्या आतल्या गोष्टी आत ठेवायच्या आणि बाहेरचा संसर्ग आत जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. छत फुटून खोबणीत उतरलेलं रक्त या पडद्याच्या मागून पुढे झिरपतं. पडदा हाडाच्या काठाला घट्ट चिकटलेला असल्यामुळे काळेपणाला कड येते, ते वर्तुळ खोबणीच्या काठाशी थबकतं आणि गालावर पसरत नाही. पापणीच्या कडेला, पापण्यांच्या केसांजवळ एक टणक पट्टी असते, तिथपर्यंतही ते सहसा पोचत नाही. उलट डोळ्यावर सरळ ठोसा बसला, तर रक्त कातडीखालीच, पडद्याच्या पुढे असतं. ते पापणीच्या कडेपर्यंत जातं, गालावर ओघळतं, त्याला कड राहत नाही.

अनुभवी डॉक्टर आणखी एक करतात. डोळ्याचा पांढरा भाग लाल झालेला असेल तर ते रुग्णाला नाकाकडे बघायला सांगतात आणि कानाकडच्या बाजूला लालीची मागची कड दिसते का ते पाहतात. डोळ्यावर थेट मार असेल तर कड दिसते, त्यापलीकडे पांढरं असतं. लाली मागे मागे जात दिसेनाशी होत असेल, तर रक्त मागून, खोबणीच्या आतून आलेलं असण्याचा संशय धरतात. यंत्र नाही, सुई नाही, फक्त ‘इकडे बघा’.

मात्र प्रत्येक काळा डोळा तळाची बातमी आणत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचक घाबरून प्रत्येक टेंगळापाशी जागरण करतील. मूल कपाळावर आपटतं, मोठं टेंगूळ येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेंगूळ उतरत असताना डोळे काळेनिळे होतात. आई हवालदिल होते. याला कारण आहे कपाळाचा स्नायू. डोक्याच्या कातडीखाली एक मजबूत आवरण असतं आणि त्याच्याखाली पुन्हा एक सैल थर. मागच्या बाजूला हे आवरण हाडाला बांधलेलं आहे, दोन्ही बाजूंनाही त्याला आडकाठी आहे. पुढे मात्र कपाळाचा स्नायू हाडाला चिकटतच नाही, तो भुवयांच्या आसपास कातडीतच संपतो. त्यामुळे डोक्यावर कुठेही त्या सैल थरात रक्त साचलं, की ते वजनानं खाली ओघळत सरळ पापण्यांत येतं. केस रोवून घेतलेल्या कित्येक पुरुषांना शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांनी आरशात सुजलेले डोळे दिसतात आणि ते धावत क्लिनिकला जातात, त्यामागेही हीच वाट आहे. ही वाट निरुपद्रवी. अडचण एवढीच, की दोन्ही वाटांचा शेवट एकाच ठिकाणी होतो, आणि कोणत्या वाटेनं रक्त आलं ते घरबसल्या ठरवणं धोक्याचं.

उशीर हा या खुणेचा स्वभाव आहे. लिंकन यांचा डोळा काही तासांतच सुजला, कारण इजा भयंकर होती. एरवी वर्तुळं उमटायला कित्येक तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. रक्ताला वाट काढत पुढे यावं लागतं. म्हणून अपघातानंतर लगेच ‘डोळे तर ठीक आहेत’ असं म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. कानामागच्या हाडावर उमटणाऱ्या काळ्या डागाचंही तसंच. लंडनचे शल्यविशारद विल्यम हेन्री बॅटल यांनी १८९०मध्ये डोक्याच्या दुखापतींवर व्याख्यानं देताना त्याकडे लक्ष वेधलं, आणि आजही तो डाग त्यांच्याच नावानं ओळखला जातो. तिथे भेग असते तळाच्या मधल्या-मागल्या भागात.

काळेपणा उमटल्यावर त्याचे रंग बदलतात, आणि तो एक स्वतंत्र रसायनप्रयोग आहे. साकळलेलं रक्त लाल असूनही कातडीतून निळं-जांभळं दिसतं, त्यात ऑक्सिजन संपलेल्या रक्ताचाही वाटा असतो आणि त्वचेतून उजेड विखुरला जाण्याचाही. मग शरीराच्या सफाई पेशी येऊन फुटलेल्या तांबड्या पेशी गिळतात. हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग एक एन्झाइम कापतं, त्यातून हिरवा बिलिव्हर्डिन तयार होतो, त्याचा पुढे पिवळा बिलिरुबिन होतो, आणि उरलेलं लोह तपकिरी साठ्यात जातं. कावीळ झालेल्याच्या डोळ्यांत दिसतो तोच हा पिवळा. रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७मध्येच जुन्या रक्तस्रावांत स्फटिक पाहिले होते, ते बिलिरुबिनचेच होते हे नंतर कळलं. लोहयुक्त भाग कापणारं ते एन्झाइम सॅन फ्रान्सिस्कोत शोधलं गेलं ते १९६८मध्ये. ही काटछाट होताना प्रत्येक वेळी कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो. होय, तोच विषारी वायू, कणमात्र, तुमच्या काळ्या डोळ्यात. रंगावरून मार किती जुना हे अचूक सांगता येतं असं पूर्वी समजत. आता न्यायवैद्यक डॉक्टर सावध असतात: पिवळी छटा सुमारे अठरा तासांच्या आत येत नाही, यापलीकडे रंगावर भरवसा ठेवू नये असं त्यांचं मत आहे.

आता नाकाकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे. दोन खोबणींच्या मध्ये, नाकाच्या छतात, चाळणीसारखी एक बारीक हाडपट्टी असते. प्रत्येक बाजूच्या वीसेक छिद्रांतून वासाच्या नसांचे धागे मेंदूत जातात. तळ फुटला तर हे धागे तुटू शकतात, आणि बरा झालेला माणूस काही दिवसांनी म्हणतो, जेवणाला चव नाही. चव असते, वास गेलेला असतो. या पट्टीवर मेंदूचं आवरण इतकं घट्ट चिकटलेलं आहे, की हाड फुटलं की तेही फाटतं. मग मेंदूभोवतीचं स्वच्छ पाणी नाकातून टपकू लागतं. हे पाणी एका वेळी सुमारे दीडशे मिलिलिटर असतं, पण रोज साधारण अर्धा लिटर नवं बनतं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते पूर्ण बदलतं. गळती लागली तर टाकी रिकामी होत नाही, गळत राहते. खाली वाकलं की जास्त, कधी घशात खारट चव.

रक्तात मिसळलेलं हे पाणी चादरीवर पडलं, तर मधोमध लाल ठिपका आणि भोवती फिकट ओलं कडं दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर आणि परिचारिका हे कडं पाहून सावध झाल्या आहेत. पण अश्रू किंवा लाळही रक्तात मिसळली की तसंच कडं उमटू शकतं. त्यामुळे आता खात्रीसाठी बीटा-२ ट्रान्सफरिन या प्रथिनाची तपासणी करतात. ते मेंदूभोवतीच्या पाण्यात असतं, नाकातल्या शेंबडात जवळजवळ नसतंच.

पाणी बाहेर येऊ शकतं तसे जंतू आत जाऊ शकतात, आणि हवाही. नाक जोरात शिंकरलं तर नाकातली हवा दाबानं कवटीत ढकलली जाते. १९१३मध्ये अमेरिकी शल्यविशारद लकेट यांनी कवटी फुटलेल्या एका रुग्णाच्या एक्स-रेत मेंदूच्या पोकळ्यांत शिरलेली हवा पाहिली. त्या अपघाती हवेनं पोकळ्यांचा आकार पडद्यावर उजळला होता. पाच वर्षांनी बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी मुद्दाम हवा भरून मेंदूचे एक्स-रे काढायला सुरुवात केली आणि त्यावरून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या गाठींचा अंदाज येऊ लागला. याच डँडींनी १९२६मध्ये डोकं उघडून, मांडीतल्या आवरणाचा तुकडा लावून नाकातून होणारी पाण्याची ही गळती बुजवली. आज ती बहुतेक वेळा नाकातून दुर्बीण घालून बुजवतात. अपघातानंतरच्या बऱ्याचशा गळत्या मात्र पडून राहिल्यानं काही दिवसांत आपोआप थांबतात.

तळ फुटल्याचा संशय असेल तर नाकातून पोटात नळी घालू नये, तोंडातून घालावी, हा नियमही यातूनच आला. नाकात सारलेली नळी फुटलेल्या तळातून कवटीत गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्यांचे एक्स-रे पाहवत नाहीत.

भारतीय क्रिकेट रसिकांना १७ मार्च १९६२ आठवत असेल. बार्बाडोसमध्ये वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या उजव्या कानाच्या वर बसला. तंबूत परतल्यावर नाकाकानांतून रक्त येऊ लागलं. शस्त्रक्रियेच्या वेळी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं, आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिलं. पुढे वेल्लोरला जेकब चँडी यांनी काँट्रॅक्टर यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. ती तब्बल साठ वर्षांनी, २०२२मध्ये काढली. त्या काळी सीटी स्कॅन नव्हता. लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात अभियंते हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानं पहिल्या रुग्णाचं डोकं पाहिलं ते १ ऑक्टोबर १९७१ला. तोवर तळाची पातळ हाडं साध्या एक्स-रेत नीट दिसतच नसत, आणि डॉक्टरांना डोळे, कान, नाक एवढ्यावरच निदान करावं लागे. यंत्र आल्यावर या खुणा निवृत्त झाल्या असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. डोक्याला मार लागलेल्यांपैकी कुणाचा सीटी काढायचा हे ठरवण्यासाठी कॅनडात २००१मध्ये जे निकष प्रसिद्ध झाले, त्यांत काळी वर्तुळं, कानामागचा डाग, नाकाकानातलं पाणी यांना पहिल्या पंगतीत जागा आहे.

मार नसताना दोन्ही डोळे काळे झाले तर? हा प्रकार दुर्मीळ, पण जास्तच गंभीर. लहान मुलांत मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत सुरू होणारा न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग खोबणीच्या हाडांत पसरून अशी वर्तुळं उमटवतो, आणि आईबापांवर मारहाणीचा संशय येतो. मोठ्यांत अमिलॉइडोसिस या आजारात रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या ठिसूळ होतात, की एका शिंकेनं पापण्यांत रक्त उतरतं.

हेल्मेटचंही इथे सांगायला हवं. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १९३५मध्ये मोटरसायकल अपघातात गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे शल्यविशारद होते. याच केर्न्स यांनी १९३७मध्ये नाकातून गळणाऱ्या मेंदूच्या पाण्यावर लिहिलं, आणि १९४१मध्ये हेल्मेटनं मोटरसायकलस्वारांची डोकी वाचतात हे मांडलं. आमच्या पुण्यानं हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले. केर्न्स यांना त्याची कारणं समजावून सांगणं कठीण गेलं असतं.

तेव्हा घरात कुणी पडलं, दुचाकीवरून घसरलं, आणि डोळ्याला काही लागलेलं नसताना एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे काळे झाले, कानामागे डाग आला, नाकातून किंवा कानातून पाणी येऊ लागलं, तर हळद लावून वाट पाहू नका, सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मार केव्हा लागला आणि काळेपणा केव्हा दिसला हे डॉक्टरांना सांगा. तोवर नाक शिंकरू देऊ नका, नाकात काही घालू नका. शिंक आलीच तर ती दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या.